द्रुत, पण फार नको

बीथोव्हनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो व्हायोलिनवर सुरू होतच नाही. तो सुरू होतो टिंपनीवर. टिंपनी म्हणजे आपल्या नगाऱ्याचे युरोपात स्थायिक झालेले नातेवाईक. एकट्या टिंपनीचे चार ठोके, हळू, एकसारखे, कुठलाही आव न आणता. पाचवा ठोका पडतो त्याच क्षणी ओबो, क्लॅरिनेट वगैरे मंडळी सुरावट उचलतात. चार मात्रा, आणि पाचवीवर सम. मग व्हायोलिन? ते येतं तीन मिनिटांहून जास्त वेळाने. तोवर सगळा ऑर्केस्ट्रा सतरंज्या अंथरून, पाणी भरून बसलेला असतो.

हे पाच ठोके किती वेगात वाजवायचे, यावर माझं आणि घरातल्या लोकांचं गेले काही महिने बरंच बोलणं झालंय. पाश्चात्य संगीताचं रीतसर शिक्षण मला नाही. ऐकून ऐकून जे काही कळलं तेवढंच. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्या.

बीथोव्हनने वर लिहिलंय ‘अलेग्रो मा नॉन त्रोप्पो’. द्रुत, पण फार नको. लग्नाच्या पंगतीत वाढपी ‘थोडं घालू?’ विचारतो आणि आपण ‘अगदी थोडं’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. फार नको म्हणजे नक्की किती? आकडा दिलेला नाही. देणार तरी कसा, हा कॉन्चेर्टो १८०६ चा आणि मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये. नंतर बीथोव्हनने आपल्या सिंफनींना मेट्रोनोमचे आकडे लावले, पण ह्या बिचाऱ्याला नाही. २३ डिसेंबर १८०६ ला व्हिएन्नात फ्रान्झ क्लेमेंटने तो पहिल्यांदा वाजवला, लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, आणि मग जवळजवळ अडगळीत पडला. बाहेर आला १८४४ मध्ये लंडनला, योआखिम नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने मेंडेल्सनच्या हाताखाली वाजवला तेव्हा. म्हणजे क्लेमेंट तो कसा वाजवत होता ह्याची परंपरा हातात घेऊन बसलेलं फारसं कुणी नव्हतं. ज्याने त्याने आपापलं ‘फार नको’ शोधलं.

माझ्याकडे ह्याची दोन रेकॉर्डिंग्ज सतत वाजतात. एक येहुदी मेन्युहिनचं, ऑगस्ट १९४७, स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचं. ऑर्केस्ट्रा लुसर्न फेस्टिव्हलचा आणि पुढे उभा विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर. दुसरं याशा हायफेट्झचं, १९५५ चं, बॉस्टन सिंफनी आणि चार्ल्स म्युन्श. मेन्युहिनला पहिला भाग संपवायला साधारण २४ मिनिटं लागतात, हायफेट्झ २० मिनिटं आणि वर काही सेकंदांत मोकळा. स्वर तेच, पानं तीच.

आता माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. पहिल्या भागात ५३५ बार आहेत (बार म्हणजे छोटंसं आवर्तन समजा), प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे २१४० मात्रा. दोघांच्या कॅडेन्झाचा वेळ वजा केला, कारण तिथे वादक एकटाच मोकळा सुटलेला असतो आणि दोघांच्या कॅडेन्झाही वेगळ्या. मेन्युहिन क्रायस्लरची वाजवतो, हायफेट्झ दुसरीच. उरलेल्या वेळाने भागलं तर मेन्युहिनच्या मिनिटाला सरासरी १०५ च्या आसपास मात्रा येतात आणि हायफेट्झच्या १२० च्या आसपास. गणित ढोबळ आहे. पण फरक फक्त पंधराचा! ऐकताना वाटतं दोन वेगळी गावं आहेत.

लयीकडे परत येतेच, पण आधी सुराबद्दल, कारण तो ह्या कॉन्चेर्टोचा अर्धा जीव आहे. सगळं आहे डी मेजरमध्ये. आपल्या भाषेत पांढरी दोनचा सा आणि बिलावलाचे स्वर. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. म्हणजे डीला सा धरला तर म, सा, प, रे. सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर, त्यामुळे डीमध्ये वाजवताना न छेडलेल्या ताराही आतल्या आत बोलत राहतात, सारंगीच्या तरफांसारख्या. ब्राह्म्स आणि चायकॉव्हस्की दोघांनीही आपापले व्हायोलिन कॉन्चेर्टो डी मेजरमध्येच लिहिले, ते काही उगीच नाही. आणि टिंपनीची जोडी लावलेली असते डी आणि एला, सा आणि पंचमाला. तानपुराच म्हणा ना. फक्त अखंड वाजत नाही, मध्येच आठवण करून देते.

एवढं सगळं स्वच्छ, उजेडाचं. आणि दहाव्या बारला व्हायोलिनं तोच चार ठोक्यांचा आकृतिबंध घेतात, पण डी शार्पवर. पांढरी दोनच्या बिलावलात एकदम कोमल रिषभ! कुठून आला, कशाला आला, काही सांगत नाहीत. स्वच्छ धुतलेल्या अंगणात कुणीतरी अनोळखी माणूस येऊन उभा राहावा आणि काही न बोलता निघून जावा तसं. पुढेही असंच. मुख्य गोड सुरावट आधी शुद्ध गंधाराने येते आणि लगेच पाठोपाठ कोमल गंधाराने. मेजर आणि मायनर असे शेजारी शेजारी. हायफेट्झ-म्युन्शच्या वेगात तो कोमल गंधार ढगाच्या सावलीसारखा सरकून जातो. फुर्टव्हेंग्लर तिथे रेंगाळतो. तुम्हाला त्या सावलीत उभं राहायला लावतो.

आता बाबा.

बाबांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली. आयुष्यभर नोकरी सांभाळून तबला वाजवला, भजनाच्या साथीपासून छोट्या मैफिलींपर्यंत. व्हायोलिन म्हणजे त्यांच्या लेखी प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन, ‘बाकीचे काय वाजवतात ते त्यांचं त्यांना ठाऊक’. लयीबद्दल मात्र फार कडक. अमीर खाँसाहेबांच्या झुमऱ्याबद्दल बोलायला लागले की आई गॅस बंद करून यायची, कारण आता तासभर सुटका नाही.

त्यांचा त्रास हाताच्या थरथरीपेक्षा चालण्याचा जास्त आहे. चालता चालता, विशेषतः दारात किंवा वळताना, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पुढे जायचंय, डोक्याने सांगितलंय, पाय ऐकत नाहीत. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं की बाहेरून ठेका मिळाला तर पाय उचलायला मदत होते. मेंदूचा आतला ठेकेदार सुट्टीवर गेलाय, तर बाहेरून माणूस आणायचा. हे माहीत असलेलं आहे, ह्या आजारात अशी तालावर चालण्याची उपचारपद्धत वापरतात. तिने फोनवर मेट्रोनोम लावून दिला. मिनिटाला शंभर.

बाबा दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हे काय टकटक लावलंय. सम नाही, काल नाही, खाली-भरी नाही. ह्याच्यावर बैल चालेल, मी नाही चालणार.”

मग गाणी झाली. नाट्यगीतं (मध्येच ताना, पाय कुठे टाकायचा?), भजनं (ठेका छान, पण ते चालायचं सोडून साथ करायला लागायचे). आणि एक दिवस मी फिजिओला विचारून बीथोव्हन लावला. सुरुवातच टिंपनीची, बाबांना आवडेल असा माझा कयास. माणसाच्या चालण्याचा वेग साधारण मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं. मेन्युहिन १०५, हायफेट्झ १२०. दोघेही चालण्यात बसतात! तिला हसू आलं, म्हणाली लावा, फक्त ठेका स्थिर हवा आणि शेजारी कुणीतरी राहा.

आधी हायफेट्झ. हॉल ते स्वयंपाकघर ते गॅलरी ते हॉल. पाय छान पडले, मला वाटतं त्या महिन्यातलं सर्वात सरळ चालणं. पण चेहरा काही खूश नाही. “अगं, ह्याच्या मागे कुणी लागलंय का?” मी म्हटलं, बाबा, जगातला सर्वात निर्दोष व्हायोलिनवादक म्हणतात ह्याला. “असेल. निर्दोष आहेच. बसून ऐकायला बोलावत नाही पण.” हायफेट्झवर हा अन्याय आहे असं मला अजून वाटतं. तो घाई करत नाही, तो एकही शब्द वाया घालवत नाही. पण बाबांशी वाद घालून कोण जिंकलंय.

मग मेन्युहिन. बाबा टिंपनी ऐकून एकदम ताठ झाले. “हां. हा माणूस थांबून वाजवतोय.” चालायला लागले. आणि मला लगेच कळलं की हे रेकॉर्डिंग ह्या कामाचं नाही. फुर्टव्हेंग्लरची लय श्वासासारखी कमी-जास्त होते. सुरावट चढणीला लागली की थोडी पुढे, उतरताना मागे. सरासरी १०५ खरी, पण एखाद्या क्षणी ती १०५ असेलच असं नाही. पाऊल पडायला आणि ठोका यायला चुकामूक. पण बाबा ‘बंद कर’ म्हणेनात.

पहिल्या भागात निम्म्याच्या जरा पुढे एक जागा आहे. आतापर्यंतच्या डी मेजरमधून निघून संगीत जी मायनरला येतं. मध्यमाला सा मानायचा आणि वर कोमल गंधार. व्हायोलिन एक अशी सुरावट काढतं जी आधी कुठे आलेलीच नाही आणि नंतर कधी येणार नाही. मागे वाऱ्याची वाद्यं अगदी हळू तोच सुरुवातीचा ठेका धरून असतात. इथे लय उतरवायची असं बीथोव्हनने लिहिलेलं नाही, पण बरेच जण उतरवतात. हायफेट्झही थोडा सैल होतो. मेन्युहिन आणि फुर्टव्हेंग्लर जवळजवळ थांबतात. द्रुत वगैरे सगळं विसरून आपण विलंबित ख्यालात येऊन पडतो.

बाबा गॅलरीच्या दाराशी होते. थांबले. एक पाय अर्धवट पुढे, हात चौकटीवर.

मी शेजारीच होते. अशा वेळी घाई करायची नसते, ओढायचं नसतं, हे आम्ही शिकलोय. पण मला कळेना की हे नक्की काय थांबणं आहे. ठेका हातातून निसटला म्हणून पाय चिकटले, की ऐकायला थांबले? बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. त्यांचा चेहराही आता पूर्वीसारखा काही सांगत नाही, तोही ह्या आजाराचाच भाग. गेल्या चार वर्षांत त्यांचा चेहरा वाचायचं सोडून देऊन मी हातांवरून, आवाजावरून अंदाज बांधते.

ती सुरावट संपली, टिंपनी परत आली, लय वर चढली, आणि ते चालायला लागले. खुर्चीत बसल्यावर मी विचारलं, “काय झालं होतं?”

“काही नाही. सम कुठंय ते बघत होतो.”

एवढंच. ह्याचा अर्थ मी दोन्ही बाजूंनी लावून पाहिला, दोन्ही बाजूंनी लागतो.

मला हा प्रश्न इतका छळतो त्याला आणखी एक कारण आहे. ह्या रेकॉर्डिंगची गोष्ट मला माहीत आहे, बाबांना नव्हती. मेन्युहिन ज्यू. जुलै १९४५ मध्ये, छळछावणी मुक्त झाल्यावर थोड्याच महिन्यांनी, तो बेंजामिन ब्रिटनला पियानोवर घेऊन बेर्गन-बेल्सनला गेला आणि वाचलेल्या लोकांसमोर वाजवून आला. फुर्टव्हेंग्लर नाझी राजवटीत जर्मनीतच राहिला. पक्षाचा सभासद नव्हता, काही ज्यू वादकांना त्याने मदतही केली, पण १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बर्लिनमध्ये नववी सिंफनीही त्यानेच वाजवून घेतली. युद्धानंतर त्याची चौकशी झाली, डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनच्या लवादापुढे सुनावणी, आणि मे १९४७ मध्ये तो पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लुसर्नला मेन्युहिन त्याच्याबरोबर वाजवतो आणि पुढच्या महिन्यात बर्लिनमध्ये जाऊन हाच कॉन्चेर्टो वाजवतो. बर्लिनमधल्या छावणीत राहणाऱ्या ज्यू निर्वासितांना ते फार लागलं. मेन्युहिन त्यांच्यासमोर जाऊन बोलला. पुढे शिकागोच्या ऑर्केस्ट्राने फुर्टव्हेंग्लरला बोलावलं तेव्हा होरोविट्झ, रुबिनस्टाइन यांच्यासारख्यांनी विरोध केला आणि ते बारगळलं. मेन्युहिन तेव्हाही फुर्टव्हेंग्लरच्या बाजूने. मला विचाराल तर रुबिनस्टाइनचं म्हणणंही मला समजतं. ज्याची माणसं गेली त्याने टाळ्या का वाजवाव्यात?

तर हे सगळं माहीत असताना ती जी मायनरची जागा ऐकली की मला तिथे क्षमा ऐकू येते, पश्चात्ताप ऐकू येतो, जळलेला युरोप ऐकू येतो. गळ्याशी काहीतरी येतं. आणि मग मनात शंका, की हे स्वरांत आहे का मी घरून डब्यात भरून आणलंय?

ह्याची एक तपासणी करता येते. ह्याच दोघांनी हाच कॉन्चेर्टो १९५३ मध्ये लंडनला फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर परत रेकॉर्ड केला. तोवर प्रसंग शिळा झाला होता, क्षमेचं नवल उरलं नव्हतं. आणि लय? जवळपास तीच. त्याच जागी तसंच थांबणं. म्हणजे ती लय १९४७ सालाची नव्हे, ती फुर्टव्हेंग्लरचीच. शिवाय एक व्यवहारी गोष्ट. १९४७ चं ध्वनिमुद्रण ७८ च्या तबकड्यांच्या काळातलं. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची, की थांबा. इतकी सलग वाटणारी लय मुळात तुकड्या-तुकड्यांत धरलेली आहे! दर चार मिनिटांनी भावना पुन्हा त्याच तापमानाला आणायची. ह्याला नुसतं हेलावणं पुरत नाही, कारागिरी लागते.

हे कळल्यावर माझी ती गोष्ट थोडी फिकी पडायला हवी होती. पडली नाही. पण बाबा तिथे थांबले तेव्हा त्यांना हिटलर, बेल्सन, लवाद ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं, हे मी विसरू शकत नाही.

नंतर मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांना त्यात वेगळंच आवडलं. मेन्युहिन १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आला होता आणि मुंबईत त्याची गाठ पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी घालून दिली गेली, ते. लहानपणी हा मुलगा कसं वाजवतो हे न कळताच दैवी वाजवायचा, आणि मोठेपणी शरीर कुरकुरायला लागल्यावर त्याला सगळं मुळापासून परत शिकावं लागलं, खांदा कसा, मनगट कसं, श्वास कसा. अय्यंगारांच्या योगाने त्याला इतका आराम पडला की १९५४ मध्ये त्याने त्यांना घड्याळ भेट दिलं, मागे कोरून घेतलं, की माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला. बाबा म्हणाले, “म्हणजे ह्यालाही आपलं शरीर परत शिकावं लागलं होतं.” आणि मग बराच वेळ काही नाही बोलले.

चालण्यासाठी आता हायफेट्झच लागतो, रोज सकाळी, पहिला भाग. बाबा त्याला ‘तुझा तो पोस्टमन’ म्हणतात. मेन्युहिन संध्याकाळी, बसून. दुसरा भाग लार्गेटो, जी मेजरमध्ये, व्हायोलिनांवर म्यूट चढवलेले, टिंपनी पूर्ण गप्प. तिथे कुठे जायचंच नसतं. तीच सुरावट परत परत येते आणि एकटं व्हायोलिन तिच्या भोवती वेलीसारखं फिरतं. बाबांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर थरथरत असतो. लार्गेटो संपताना ऑर्केस्ट्रा अचानक मोठ्याने बोलतो, व्हायोलिन एकटं थोडंसं वाजतं आणि मध्ये श्वास न घेता थेट तिसरा भाग सुरू. सहा-आठचा रोंडो. बाबांच्या हिशेबी सरळ दादरा. पहिल्याच दिवशी बोटं खुर्चीवर पडली, धा धिं ना, धा तिं ना, आणि ठेका धरला की थरथर कुठल्या कुठे. हात काम करायला लागला की ती कमी होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच, पण डोळ्यांनी बघणं वेगळं.

परवा म्हणाले, “ह्या दादऱ्याला मात्र तुझा पोस्टमन लाव. हे लोक इथे पण विचार करत बसलेत.”